आधी खेळून बघा

पडदा काळा झाला आणि हरिहर टिपणीसचा हात उठला, या दोन गोष्टींच्या मधे काही होतं का, हे त्याला नंतर कितीही आठवून सापडलं नाही. एवढंच आठवत होतं की भुयारातल्या तिसऱ्या दारापाशी तो पोचला होता, निळ्या कपड्यांतला पहारेकरी पाठमोरा उभा होता, बोट माउसवर होतं, आणि पहारेकऱ्यासकट सगळं भुयार एकदम विझलं. मग कोणीतरी ओरडलं. मग परशुराम खाली, टेबल आणि भिंत यांच्या फटीत बसलेला दिसला. तोंडावर दोन्ही हात, बोटांमधून रक्त येऊन पांढऱ्या शर्टावर पडत होतं. हरिहरला रक्त दिसलं, ते रक्त आहे हेही कळलं, तरी त्याचा उजवा हात माउसकडे परत गेला आणि बोटाने दोनदा बटण दाबलं. पडदा काळाच होता. त्या दोन टिकटिकींचा आवाज छोट्याशा खोलीत अगदी स्वच्छ ऐकू आला. परशुरामने हात बाजूला करून त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता. भटक्या कुत्र्याने अचानक पायाला धरलं की माणूस त्या कुत्र्याकडे बघतो, तसा तो बघत होता.

अठ्ठ्याण्णव सालातला फेब्रुवारीचा शुक्रवार. डोंबिवलीच्या एमआयडीसीतल्या कारखान्यांना शुक्रवारी सुट्टी, आणि हरिहर तिथल्या एका रंगाच्या कारखान्यात प्रयोगशाळेचा मुख्य होता. अडतीस वर्षांचा, किडकिडीत, इस्त्रीचा शर्ट घालणारा. हाताखालची माणसं त्याला टिपणीससर म्हणायची आणि टिपणीससरांनी कधी आवाज चढवलेला कोणाला आठवत नव्हतं. बायको सुमेधा दुपारच्या शाळेत शिकवायची. ती साडेअकराला घराबाहेर पडली की हरिहर स्कूटर काढायचा आणि शिळफाट्यावरून, मुंब्र्यातून ठाण्याला यायचा. कॉम्प्युटर घ्यायचाय, दुकानं बघतोय, असं त्याने तिला सांगितलं होतं. सात महिने तो दुकानं बघत होता आणि दुकान एकच होतं, नौपाड्यात, एका चष्मेवाल्याच्या माडीवर.

परशुराम चेंदणी कोळीवाड्यातला. तिशीचा. सुटे भाग आणून कॉम्प्युटर जोडून द्यायचा, आणि त्याहून जास्त धंदा मुंबईहून आणलेल्या सीड्यांचा. सगळ्या नकली, म्हणजे उतरवलेल्या, पांढऱ्या कागदी पाकिटांत, वर परशुरामच्या गोल अक्षरात नावं. पुठ्ठ्यावर स्केचपेनने लिहून त्याने भिंतीला लावलं होतं : आधी खेळून बघा, मग घ्या. हरिहरने पहिल्याच दिवशी विचारलं होतं, असं कोण खेळू देतं? परशुराम हसला होता. "साहेब, माझी आई मार्केटात बसते. पापलेट घेताना बाई विचारते, ताजं कशावरून? आई कल्ला उघडून लाल दाखवते. दाखवल्याशिवाय कोण घेणार? आणि माझा माल तर चोरीचा. फसवलं तर गिऱ्हाईक पोलिसात पण जाऊ शकत नाही, म्हणून उलट मलाच जास्त सरळ राहायला लागतं." मग त्याने पुढच्या टेबलावरचं मशीन चालू करून दिलं होतं. कंपन्याच आपल्या खेळाचा पहिला तुकडा फुकट वाटतात, त्याला डेमो म्हणतात. आधी तो खेळा, आवडला तर पूर्ण खेळाची सीडी माझ्याकडे आहे. पंधरा मिनिटं. कोणी नसेल तर अर्धा तास.

हरिहरने मोटारींचे खेळ बघितले, विमानाचा बघितला, आणि मग भुयाराचा. त्यानंतर दुसरा कुठलाच बघितला नाही. भुयाराच्या डेमोत तीन दारं होती. पडद्याच्या खालच्या कडेला आपलाच हात दिसायचा आणि हातात बंदूक. पहिल्या दाराशी दोघे, दुसऱ्याशी कुत्रे, तिसऱ्याच्या आत तो निळ्या कपड्यांतला, नेहमी पाठमोरा. त्याला मारलं की तो कुठल्याशा परक्या भाषेत एकच शब्द बोलायचा आणि गुडघ्यांवर यायचा. मग पडदा लाल व्हायचा आणि इंग्रजीत विचारणा व्हायची, पुढचा खेळ हवा असेल तर विकत घ्या. परशुराम दर शुक्रवारी म्हणायचा, "साहेब, पूर्ण घ्या ना. पुढे अजून बावीस भुयारं आहेत, मोठेमोठे राक्षस आहेत. हे तर काहीच नाही." हरिहर म्हणायचा, "मशीन घेतलं की घेईन." खरं म्हणजे त्याला बावीस भुयारं नको होती. नव्या भुयारात काय येईल सांगता येत नाही, माणूस सावध होतो, डोकं चालवायला लागतं. इथे डोकं लागत नव्हतं. निळा शर्ट कुठे उभा आहे ते त्याला डोळे मिटून माहीत होतं. तो वळणार नाही, काही विचारणार नाही, पुढच्या वेळी पुन्हा तिथेच असेल आणि त्याला आधीचं काही आठवत नसेल. बंदुकीने लांबून मारता येत असूनही हरिहर अगदी जवळ जायचा, इतका जवळ की त्या पाठीचे निळे चौकोन वेगळे दिसायला लागायचे, आणि मग बंदूक बदलून नुसत्या मुठीने मारायचा. त्याला सात-आठ ठोसे लागायचे. ते झाले की मानेतली शीर सैल पडायची. संध्याकाळी घरी तो शांत असायचा. सुमेधेने चहा दिला की थँक्यू म्हणायचा. एकदा परशुराम सहज म्हणाला होता, "साहेब, तुम्ही खेळताना दात खाता. बाहेरपर्यंत ऐकू येतं." हरिहर हसला होता. त्यानंतर दोन शुक्रवार तो जबडा जरा उघडा ठेवून खेळला, मग विसरला.

त्या दिवशी सव्वा वाजता दुकानातला फोन वाजला. मुंबईत दुकानांवर पोलीस आलेत, उतरवलेल्या सीड्या उचलतायत, ठाण्याकडे निघालेत, असं पलीकडचा म्हणत असावा. परशुरामने फोन ठेवला आणि खणातली पाकिटं भराभर एका कापडी पिशवीत टाकायला लागला. हे हरिहरला नंतर कळलं. तेव्हा त्याला मागे कुठेतरी नुसती कागदांची सळसळ ऐकू येत होती. परशुराम म्हणाला, साहेब, बंद करायला लागेल. पुन्हा म्हणाला. खांद्यावर हात ठेवला. मग वाकून त्याने मशीनचं बटणच बंद केलं.

आणि आता तो भिंतीशी बसला होता. बोलला तेव्हा शब्द जाड येत होते. "पिशवी. ती पिशवी उचला साहेब." हरिहरने उचलली. सांगेल ते करत गेला. दिवे बंद केले, कुलूप लावलं, किल्ली परशुरामच्या खिशात टाकली. परशुरामने गळ्यातला रुमाल तोंडावर दाबला होता. जिना उतरताना हरिहरने त्याचा दंड धरायला हात पुढे केला, तसा परशुराम चटकन भिंतीकडे सरकला. दोघांनाही ते कळलं. स्कूटरवर मात्र तो मागे बसला, मधे सीड्यांची पिशवी घेऊन.

दवाखाना दोन गल्ल्या सोडून. सकाळची तपासायची वेळ संपत आली होती, एकच म्हातारी बसली होती. डॉक्टरांनी परशुरामला आत घेतलं आणि हरिहरही आत गेला, कारण बाहेर थांबायला कोणी सांगितलं नाही. डॉक्टरांनी ओठ उलटा करून बॅटरी मारली. समोरचा दात अर्धा तुटलेला, ओठ आतून फाटलेला. "कशाने झालं हे?" डॉक्टर म्हणाले. परशुरामने उत्तर द्यायला वेळ लावला नाही. "शटर लागलं. वरून सुटलं एकदम." डॉक्टरांनी एकदा हरिहरकडे बघितलं. मग टाके घालायची तयारी करायला लागले आणि हरिहरला म्हणाले, तुम्ही बाहेर बसा.

हरिहर बाहेरच्या बाकावर जाऊन बसला. पोलिसांच्या भीतीने परशुराम खोटं बोलला, हे उघड होतं. चोरीचा माल विकणारा माणूस मार खाल्ल्याची तक्रार कुठे करणार? पण ते किती सहज बोलला! हरिहरचं लहानपण याच नौपाड्यात गेलेलं. अशाच एका दवाखान्यात अशाच बाकावर तो आईच्या शेजारी बसायचा. मंदाकिनी टिपणीस, गोरी, ठेंगणी, डोक्यावरून पदर. डॉक्टर विचारायचे, काय झालं वहिनी, आणि आई म्हणायची, न्हाणीत पाय घसरला. दर दोन-तीन महिन्यांनी आईचा न्हाणीत पाय घसरायचा. वडील कलेक्टर कचेरीत अव्वल कारकून. कचेरीत देवमाणूस म्हणून नाव. त्यांची मारायची एक पद्धत होती. ते आधी चष्मा काढून खिडकीत ठेवायचे. चष्मा काढला की हरिहर स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन उभा राहायचा, कारण आत गेलं तर आई म्हणायची बाहेर जा आणि बाहेर गेलं तर ती आत एकटी राहायची. दाराशी उभं राहून तो मोजायचा. एक, दोन, तीन. मोजत राहिलं की रडू येत नाही, हा त्याचा सहा-सात वर्षांच्या वयातला शोध. चारपर्यंत आई आवाज करायची नाही. पाचव्याला तोंडातून हवा सुटल्यासारखा एक हलका आवाज यायचा. एकदा अकरापर्यंत गेले होते. भाताची तपेली पालथी झाली होती आणि आई गरम भातावर हात टेकून उठायचा प्रयत्न करत होती. त्या संध्याकाळी आजोबा, आईचे वडील, अचानक भेटायला आले. गालावरचे वळ बघून त्यांनी जावयाला विचारलं. वडील पेपर वाचत होते. पेपर खाली ठेवून ते शांतपणे म्हणाले, "एकच तर लावली, मामंजी. तुमची मुलगी हळवी आहे." हरिहर दाराशीच होता. त्याने तोंड उघडलंही होतं. अकरा, असं म्हणायचं होतं. म्हणाला नाही. आयुष्यभर त्याने वडिलांना माफ केलं नाही ते अकरा ठोशांसाठी नाही, त्या एका वाक्यासाठी. इतकं धडधडीत खोटं, इतक्या स्वच्छ चेहऱ्याने. आपण असे होणार नाही, हे त्याने फार लहानपणी ठरवलं आणि ते पाळलं, असं तो धरून चालला होता.

परशुराम बाहेर आला. ओठ सुजून नाकापर्यंत गेला होता. बाकाच्या दुसऱ्या टोकाला, मधे पिशवी ठेवून तो बसला. हरिहर म्हणाला, "परशुराम, मला खरंच कळलं नाही रे. हात कसा काय उठला. एकदम पडदा गेला आणि... मी असा नाही. कोणालाही विचार. आयुष्यात एकदा हात उचलला तो आज. एक फटका, आणि तोही..."

"तीन," परशुराम म्हणाला.

"काय?"

"एक नाही साहेब. तीन." तो सावकाश बोलत होता, टाके सांभाळत. "पहिला उलट्या हाताचा. मी म्हटलं, चुकून लागला. मी म्हटलं पण, साहेब, मी आहे. मग तुम्ही उठलात. खुर्ची पडली बघा. दुसरी मूठ, इथे. आणि मग माझे केस धरलेत आणि तोंड टेबलाच्या कडेवर आपटलंत. दात तेव्हा गेला." त्याने हरिहरच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "तुम्हाला खरंच आठवत नाही?"

हरिहरने आपल्या हाताकडे पाहिलं. मुठीवर दोन ठिकाणी कातडं फाटलं होतं, दात लागून. नखांत काळा केस अडकला होता. त्याने तो ओढून काढला. केसाला खोबरेल तेल होतं, बोटांना चिकटलं. तो आठवायला लागला. खुर्ची. खुर्ची पडलेली होती, हो. कुलूप लावताना त्याने ती सरळ केली होती आणि ही कोणी पाडली असं मनात आलं होतं. त्याच्या आधी काही नाही. पडदा काळा, मग खाली बसलेला परशुराम. मधला तुकडाच नाही. कारखान्यात नमुन्याची नोंद चुकली तर तो अख्खी वही पुन्हा तपासायचा, तसं त्याने तीन-चार वेळा पहिल्यापासून करून बघितलं. दार, निळी पाठ, काळोख, रक्त. मग एक गोष्ट त्याच्या लक्षात आली. वडील खोटं बोलत नव्हते. पेपर वाचणाऱ्या त्या माणसाला एकच आठवत होती.

"मला घरी सोडा," परशुराम म्हणाला. "चक्कर येतेय."

चेंदणीचं घर खाडीच्या अंगाला, गल्ली अरुंद, स्कूटर बाहेर लावायला लागली. घरासमोरच्या ओट्यावर आवडाबाई, परशुरामची आई, मार्केटातून नुकती येऊन टोपल्या धूत होती. साठीची, काळीसावळी, मनगटं पुरुषासारखी. मुलाकडे बघितलं आणि तिच्या हातातली टोपली तशीच पडली.

"कय झाला रं तोंडाला?"

"शटर लागला. दुकानाचा."

"शटर लागला," आवडाबाई म्हणाली. तिने मुलाची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला, मग पाठीमागे पिशवी घेऊन उभ्या असलेल्या माणसाकडे बघितलं. चेहऱ्याकडे बघितलं नाही. हाताकडे. पिशवीच्या बंदावर आवळलेल्या मुठीकडे. "तुजा हात दाखव."

हरिहरने दाखवला नाही. तिनेच येऊन पकडला, उलटा केला. पाच-दहा सेकंद ती त्या दोन जखमा वाचत असावी. "शटरला बी दात लागलं," ती म्हणाली, आणि उजव्या हाताने तिने हरिहरच्या थोबाडीत दिली.

तीस वर्षं त्याला कोणी मारलं नव्हतं. कान सुन्न झाला, तोंडात पातळ लोखंडी चव आली, आणि त्या चवीच्या पाठोपाठ, अगदी त्या चवीवरूनच उडी मारल्यासारखं, काहीतरी वर आलं. पिशवी जमिनीवर पडली. सीड्यांची पाकिटं ओट्यासमोर पसरली. "आये, मागं हो!" परशुराम ओरडला. त्या ओरडण्याने हरिहरला दिसलं की त्याचा उजवा हात खांद्याच्या वर आहे, मूठ वळलेली आहे, आणि समोर एक म्हातारी बाई आहे जिला त्याने पाच मिनिटांपूर्वी पहिल्यांदा बघितलं. तो स्वतःच्या हाताकडे बघत राहिला. तो हात खाली यायला त्याला त्याच्याशी बोलायला लागलं, अक्षरशः, मनात, खाली ये. हात सावकाश खाली आला.

आवडाबाई जागची हलली नव्हती. "आपसूक उचलतंय," ती मुलाला म्हणाली, हरिहर तिथे नसल्यासारखं. मग त्याला विचारलं, "घरान बायको हाय?"

"आहे."

"तिना बी मारतंस?"

"नाही," हरिहर म्हणाला. लगेच म्हणाला. मग त्याला एक मनगट आठवलं. "एकदाच... जरा हात धरलेला जोरात. भांडणात."

परशुरामने मान खाली घातली. आवडाबाईने टोपली उचलली, पाणी झटकलं. "घरा जा. तिना इचार किती," ती म्हणाली आणि पाठ फिरवून आत गेली.

हरिहर वाकून पाकिटं गोळा करायला लागला. परशुराम म्हणाला, राहू द्या. ते त्याने इतक्या थंडपणे म्हटलं की हरिहर उठून उभा राहिला. "साहेब, शुक्रवारी येऊ नका आता. वेगळं दुकान बघा."

मुंब्र्याच्या पुढे रस्त्यावर ट्रक तुंबले होते. स्कूटर बंद करून तो उन्हात उभा राहिला. कान अजून गरम होता. तो मनगट आठवत होता. दोन गणपतींपूर्वी. गॅस सिलिंडरचा नंबर लावायला सुमेधा विसरली होती, पाहुणे यायचे होते, त्याने मनगट धरून म्हटलं होतं, एक काम धड होत नाही. बांगडी तुटली होती. काचेची बांगडी, ती तर भांडी घासतानाही तुटते. एवढंच. त्याने लग्नाची सगळी बारा वर्षं हलवून बघितली आणि दुसरं काही खाली पडलं नाही. मग त्याला दुकानातली खुर्ची आठवली, जी आपणच पाडली हे त्याला आठवत नव्हतं.

सुमेधा पावणेसहाला आली. तो बाहेरच्या खोलीत बसला होता. तिने चप्पल काढली, वह्यांची पिशवी कोपऱ्यात ठेवली, त्याच्या गालाकडे बघितलं, मग मुठीकडे बघितलं. काय झालं, असं तिने विचारलं नाही. हे त्याच्या लक्षात आलं. कोणीही विचारेल.

"मी आज एका माणसाला मारलं," हरिहर म्हणाला. मग त्याने सगळं सांगितलं. दुकान एकच असल्याचं, भुयाराचं, निळ्या पाठीचं, तीन फटक्यांचं आणि त्यातला एकही आठवत नसल्याचं. सुमेधा स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी उभं राहून ऐकत होती. उंच, सडपातळ बाई, खडूने पांढरी झालेली बोटं. तो थांबल्यावर ती म्हणाली, "बरा आहे तो?"

"हो. टाके घातले." मग त्याने विचारलं. विचारताना त्याला हसू आल्यासारखं झालं, इतका तो प्रश्न वेडगळ होता. "सुमेधा, मी तुला... म्हणजे ते सिलिंडरच्या वेळचं सोडून. कधी?"

तिने बोटांवरचा खडू पदराला पुसला. खालच्या मजल्यावर कोणीतरी नळ सोडला, पाणी बादलीत पडायचा आवाज झाला.

"सिलिंडरच्या आधी एकदा," ती म्हणाली. "तुमच्या कंपनीत नमुने परत आलेले तेव्हा. स्टीलचा डबा फेकला होतात. इथे लागला." तिने गळ्याच्या हाडावर बोट ठेवलं. "मी शाळेत सांगितलं, कपाटाचं दार लागलं. मग सिलिंडर. मग कल्याणला दादाच्या जिन्यावर. तुम्ही मागून ढकललंत. चार पायऱ्या. दादा धावत आला तेव्हा तुम्हीच मला उठवत होतात, आणि इतक्या काळजीने उठवत होतात की मलाच वाटलं, माझा पाय घसरला असेल. आणि गेल्या महिन्यात मी विचारलं, दर शुक्रवारी कुठे जाता? तेव्हा केस धरलेत. मान मागे ओढलीत. बराच वेळ धरून ठेवलंत, काही बोलला नाहीत, दात आवळून. मग सोडलंत आणि म्हणालात, चहा टाकतेस का? मी चहा टाकला. तुम्ही थँक्यू म्हणालात."

"असं झालेलं नाही," हरिहर म्हणाला.

"बरं."

"अगं, असं झालं असतं तर मला आठवलं नसतं का? मी माझ्या आईला बघितलंय. मी असं करीन?" तो उठला होता. कधी उठला ते कळलं नाही. आवाज चढला होता. कारखान्यातल्या कोणी हा आवाज ऐकला नव्हता, पण सुमेधेच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. ती आत गेली. कपाट उघडल्याचा, मग एक चेन ओढल्याचा आवाज आला. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात प्रवासाची छोटी बॅग होती.

"दादाकडे जाते."

"एवढ्याशा बॅगेत?"

"माझ्या बऱ्याचशा साड्या दिवाळीपासून तिकडेच आहेत," ती म्हणाली. "तुमच्या लक्षात आलं नाही."

दार त्याच्या पाठीशी होतं. तो मुद्दाम तिथे जाऊन उभा राहिला नव्हता, बोलता बोलता तिथे आला होता, किंवा त्याला तसं वाटत होतं. तिला जायचं तर त्याच्या अंगावरूनच जायला लागणार होतं. "सुमेधा, थांब. मी डॉक्टरला दाखवतो. मी तुझ्या दादाला स्वतः सांगतो. आज तू गेलीस तर..." पुढे काय, ते त्याला माहीत नव्हतं. कानशिलं तापायला लागली होती. मुठीवरच्या जखमा ताणल्या गेल्या आणि चुरचुरल्या, म्हणून त्याला कळलं की मूठ वळतेय.

"बाजूला व्हा," सुमेधा म्हणाली.

ती खोलीच्या मध्यावर उभी होती, बॅग पोटाशी नाही, छातीच्याही वर, हनुवटीपर्यंत उचलून धरलेली. त्याला वाटलं, बॅग जड आहे. बॅग जड नव्हती. मग त्याने दोघांच्या मधली जमीन बघितली. फरशीच्या चार लाद्या. त्याने नुसत्या नजरेने आपला हात लांब करून बघितला, तर तो चौथी लादी अर्धी ओलांडेपर्यंत पोचत होता, आणि ती त्याच्या बोटांच्या वीतभर पलीकडे उभी होती. अंदाज बरोबर होता. तो अंदाज तिने आत्ता घेतला नव्हता. कपाटाशी, ओट्याशी, चहाचा कप पुढे करताना, किती वर्षं ती त्याच्यापासून इतक्याच अंतरावर उभी राहत आली होती, हे त्याला आठवायला लागलं; हे मात्र आठवत होतं, कप लांबून सरकवला जायचा, बोलताना ती टेबलाच्या पलीकडे असायची. त्याला वाटायचं, शिक्षिका आहे, सवय असेल.

तो बाजूला झाला. दार मोकळं झालं.

सुमेधा हलली नाही. तो दाराशेजारी भिंतीला टेकून उभा होता आणि ती दाराकडे न बघता त्याच्याकडे बघत होती. "जा," तो म्हणाला. तरी ती हलली नाही. तेव्हा त्याला कळलं. तो भिंतीच्या कडेकडेने, तिच्यापासून लांब राहत, खोलीच्या दुसऱ्या टोकाला गेला, खिडकीपर्यंत. तिथेही उभा राहिला तर ती तशीच. मग तो खाली जमिनीवर बसला, पाठ भिंतीला लावून, आणि दोन्ही हात गुडघ्यांवर उघडे ठेवले, तिला दिसतील असे.

तेव्हा ती निघाली. चप्पल हातातच घेतली, पायात घालायला थांबली नाही. दार उघडंच राहिलं. तिसऱ्या मजल्यावरून दुसऱ्यापर्यंत तिची अनवाणी पावलं सावकाश, एकेक पायरी उतरताना ऐकू आली. तिथून खाली ती पळत गेली.